वाकडा दस्ता

"दस्ता तेवढा सरळ करून द्या," म्हणत दादाने जुनी दुनळी बंदूक कारागिराच्या टेबलावर ठेवली. "आजोबांनी खास स्वतःसाठी बनवून घेतली होती. सहाफुटी गडी! गावात शिरलेले दोन लांडगे दोन बारांत लोळवले."

धाकट्या बहिणीने नळीवरच्या नक्षीवरून डावा हात फिरवला, तसा दादा करवादला, "कशालाही डावा हात! आजीवर गेलीयस अगदी. तीही अशीच, बुटकी आणि डावरी."

म्हाताऱ्या कारागिराने नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, दस्ता पट्टीने मोजला आणि बंदूक दादाच्या उजव्या खांद्याला लावली. दादाची मान अवघडली, नेम काही दिसेना. मग कारागिराने ती बहिणीच्या डाव्या खांद्याला लावून पाहिली. तिचा गाल अलगद दस्त्यावर टेकला आणि नजर थेट दोन नळ्यांच्या मधोमध गेली. माप घेऊन शिवलेल्या झंपरासारखी बसली बंदूक.

"हा वाकलेला नाही हो," कारागीर हरखून म्हणाला, "डाव्या खांद्यासाठी मुद्दाम असा घडवलाय. वापरणाऱ्याची उंची पाच फूट, फार तर. काय हात असेल त्या कारागिराचा!"

बहिणीने बंदूक खाली न घेताच विचारलं, "दादा, पुन्हा एकदा सांग ना. कुणावर गेलेय मी?"