भुऱ्यानं गिळलेली कोय

"भुऱ्यानं पळवला, आई. कोयीसकट गिळला," रूपाली बोलून गेली, आणि घरात एकच धावपळ उडाली.

आता खरं सांगायचं तर आंबा तिनंच खाल्ला होता. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या घागरीपुढं ठेवल्याशिवाय या घरात आंब्याला कुणी तोंड लावत नसे. नवी सून, पण जीभ आवरली नाही. कोय कचरागाडीत गेली, आळ कुत्र्यावर आला.

सासूबाई रागावतील म्हणून ती अंग चोरून उभी होती. पण भुऱ्याला उंबऱ्यावरही उभं न करणाऱ्या प्रेमलाबाईंनी त्याला चक्क मांडीवर घेतलं.

"तरीच सकाळपासून पोळीले तोंड नाही लावलं यानं. चाल वं, दवाखान्यात!"

"निघून जाईल आई, आपोआप."

"हव, अन् नाही निघाली त?"

रूपालीचा नवरा स्वानंद नव्या रायपूरला ऑफिसात. सासू-सुनेनं तेलीबांध्याच्या चौकात ऑटो थांबवला.

डॉक्टरांनी भुऱ्याचं पोट दाबून पाहिलं. "उल्टी, खाना छोड़ देना, पेट कड़ा होना, ज़ोर लगाकर भी पॉटी न होना, इन पर नज़र रखिए. गुठली कई दिन चुपचाप पड़ी रहती है, फिर आँत में अटकती है. एक्स-रे कर लेते हैं."

एक्स-रेत काही दिसणार नाही आणि आपलं पितळ उघडं पडणार! त्यापेक्षा आपणच सांगून टाकावं, असं रूपालीच्या ओठांवर आलं, तोच डॉक्टर एक्स-रे घेऊन बाहेर आले.

"गुठली है. कल तक रुकते तो बचता नहीं."

रूपाली डोळे फाडून त्या काळ्या फोटोकडे बघत राहिली.

ऑपरेशन नीट पार पडलं. भुऱ्यानं गुंगीतच शेपटी हलवली, तेव्हा तिला रडूच कोसळलं. देवा, तुझे उपकार रे बाबा! खोटं बोलले, पण मुका जीव वाचला.

प्रेमलाबाईंनी तिचे दोन्ही हात गच्च धरले.

"तुह्यामुळं वाचला वं पोरी. जन्मभर नाही विसरायची मी."

मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"स्वानंदले नको सांगू. परवा ते कोय मीच टाकली होती त्याले, चाटाले. काय करू, आंबा लयच गोड होता."