मुद्देसूद पत्र

“थांबा वहिनी. आधी म्हैस संपवा, मग मामंजींच्या पायाकडं वळा,” माने गुरुजी म्हणाले आणि त्यांनी पेन वर उचललं.

चंद्राबाईला एक गोष्ट संपवून दुसरीकडं वळणं कुठं ठाऊक होतं? नवरा हिंदुराव पलटणीबरोबर जम्मूकडं, सीमेवर. त्याला पत्र लिहून घ्यायला ती शाळेच्या पायरीवर बसून तोंडाला येईल ते सांगायची. “म्हस इयाली म्हणावं, पारडी झाली. मामंजींचा पाय सुजलाय. तिकडं थंडी लय हाय का? पारडी काळी हाय. तुमच्या वहाणांला आत्याबाईंनी त्याल लावून ठिवलंया. परवा सपान पडलं, कराडात आपली यस्टी चुकली. पाय तसा बरा हाय.”

आधीचे गुरुजी हे सगळं जसंच्या तसं उतरवायचे. ते बदलून गेले. माने गुरुजी सांगलीत शिकलेले, पोरांकडून निबंधाचे मुद्दे काढून घेणारे. या बोलण्याला शेंडा ना बुडखा, बिचाऱ्या जवानानं वाचायचं तरी काय, असं त्यांना मनापासून वाटे. म्हणून त्यांनी लिहिलं, ‘येथील सर्व मंडळी खुशाल आहेत. म्हैस व्याली. मामंजींच्या पायास उतार आहे. आमची काळजी करू नये.’ स्वप्न त्यांनी गाळलं. अशी चार पत्रं गेली. वळणदार अक्षर, एक खाडाखोड नाही. गुरुजींना स्वतःचंच कौतुक वाटलं.

दोन महिने उत्तर आलं नाही. लढाई नुकतीच सरलेली. सीमेवरच्या माणसाचं पत्र थांबलं की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. चंद्राबाई रोज टपालाच्या वेळेला शाळेत यायची आणि पायरीवर बसून वाट बघायची.

शेवटी हिंदुरावाचं पत्र आलं, पण ते गुरुजींच्या नावानं.

“वाचा की गुरुजी, मोठ्यांदा,” ती म्हणाली.

गुरुजींनी पहिल्या दोन ओळी मोठ्यानं वाचल्या. पुढचं त्यांनी मनातच वाचलं.

‘गुरुजी, नमस्कार. चारी पत्रं मिळाली. चारीत एकबी गोष्ट अर्धी सोडलेली न्हाई, एकबी सपान न्हाई. माझी बायको अशी बोलत न्हाई. मी हितं खचू नये म्हणून तुमी सगळी मिळून तिच्या नावानं लिवताय, ते वळखलं. घरी उत्तर लिवायला हात धजना. आता खरं कळवा. चंद्रा कवा गेली?’