दानम्माच्या माहेरचा बंब

लातूरच्या एका कॉलेजात स्टीमपंक, म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या जमान्यासारखं नटायचा, महोत्सव होता. पोशाखाला बक्षीस होतं. जाहिरातीतल्या 'स्टीम'चा अर्थ किराणा दुकानदार शिवमूर्तीनं आपल्या परीनं लावला. बायकोच्या माहेरचा, अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब त्यानं काढला, आतली नळी उपटली, तळ कापला आणि अंगात घातला. वर डोकं, बाजूंनी हात, खाली पाय.

"बक्षीस न्हाई आलं तर घरी येऊ नका," दानम्मा म्हणाली.

मैदानात पितळी चष्मे, दातेरी चाकं लावलेल्या टोप्या. लग्नातला बँड काळे कोट घालून इंग्रजी धून वाजवून राहिला होता.

शिवमूर्ती मंचावर चढला आणि बंबातून वाफ निघाली.

टाळ्या!

"अहो, निखारे कुठं ठेवले?" दानम्मानं खालून विचारलं.

"तळच न्हाई, ठेवू कुठं?"

(वाफ वाढली. शिकेकाईचा वास आला. बँड थांबला.)

"दानम्मा, पाठ घासू नको. लोक बघून राहिलेत."

मंचाखालच्या दानम्मानं आपले दोन्ही हात वर करून दाखवले.

माईकवरून: "पहिलं बक्षीस बंबाला! दोन मिनिटं तसंच थांबा, फोटो काढू."

"मला बाहेर काढा!" शिवमूर्ती ओरडला.

"थांबा की हो! बक्षीस घेऊन मग निघा," दानम्मा खालून म्हणाली.

तेवढ्यात बंबातून कुण्या बाईचा मायाळू आवाज आला, "डोकं खाली घे बाळा. पाणी टाकते."

शिवमूर्तीनं बंबाची कड घट्ट धरली, तरी त्याचं डोकं हळूहळू आत गेलं.

टाळ्या थांबेनात.