नांगरलेली मेथी

"आज जेवताना सांगायचंच," गाडीचं दार आपटत देविकानं मनाशी पक्कं केलं. लंडनमधल्या हॅरोला, माहेराजवळ, परत जायचं. ती, नवरा टॉमस आणि लेक मायरा. तिकडची नोकरी हातात होती, मायराला शाळा मिळत होती. टॉमसनंही महिनाभर आढेवेढे घेऊन अखेर हो म्हटलं होतं. सांगायचं राहिलं होतं ते सासू-सासऱ्यांना. श्रॉपशर परगण्यातलं ते शेत अठ्ठ्याहत्तर वर्षांचा सासरा एकटा कसा ओढणार, हा विचार तिला सुचत नव्हता असं नाही. पण आता तिचा जीव विटला होता.

सासरे, अर्न्स्ट, काठी टेकत सासूबाईंबरोबर पुढे चर्चकडे चालले होते. त्यांचे वडील युद्धकैदी म्हणून जर्मनीतून आले आणि इथेच शेतीला लागले. तेव्हापासून या घरानं महिन्याची लुथरन पंथाची उपासना चुकवली नव्हती. चर्च दुसऱ्यांकडून उसनं घेतलेलं, माणसं जेमतेम वीस, आणि जायला पन्नास मैल. गेल्या आठवड्यात अर्न्स्टचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि टॉमस मेंढ्यांच्या बाळंतपणात अडकला, म्हणून आज गाडी देविकाच्या गळ्यात पडली. लग्नाला सात वर्षं झाली, पण या चर्चमध्ये ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती.

ती मागच्या बाकावर सासऱ्यांशेजारी बसली. प्रार्थना सुरू झाली. आमच्या अपराधांची क्षमा कर. देविकानं दात आवळले. हेच घरी रोज जेवणाआधी चालायचं. देवापुढे यांची जीभ सुरळीत वळते, सुनेपुढे मात्र टाळ्याला चिकटते.

दोन वर्षांपूर्वी तिनं गोठ्यामागे अर्धा एकर मेथी लावली होती. लेस्टर आणि हॅरोच्या भारतीय दुकानदारांशी ती स्वतः बोलून आली होती. मेथी वीतभर झाली. देविका दोन दिवस माहेरी गेली, आणि परतली तर समोर नुसती काळी माती. तीन-तीन पानांचं ते हिरवं रान अर्न्स्टना क्लोव्हर वाटलं. आपल्याकडे ताग गाडतात तसं तिकडे जमिनीला खत म्हणून क्लोव्हर गाडतात. सासऱ्यांनी ट्रॅक्टर काढला आणि सगळं इमानदारीत गाडून टाकलं.

"मला क्लोव्हर वाटलं," एवढंच बोलून ते हात धुवायला गेले. बस्स. 'सॉरी' नाही, काही नाही. उलट त्यानंतर त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. टेबलावर मीठ पुढे करायचे तेही मान खाली घालून. चूक त्यांची आणि तोराही त्यांचाच! देविकाला आठवलं तरी अंगाचा तिळपापड व्हायचा.

प्रभुभोजनाची वेळ झाली. लोक उठून वेदीपाशी जाऊ लागले. भाकरीचा तुकडा, द्राक्षारसाचा घोट, आणि परत. सासूबाई उर्सुलाही गेल्या. अर्न्स्ट हलले नाहीत.

"पपा, हात देऊ?" तिनं विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि नजर गुडघ्यांवर रोखली.

उर्सुला परत येऊन तिच्या दुसऱ्या बाजूला टेकल्या. देविका कुजबुजली, "ममा, पपांना दिसत नाहीये का? मी नेते त्यांना."

"दिसतंय त्यांना," उर्सुला म्हणाल्या. "पण कुणाचं मन दुखावलं असेल, तर ते मिटवल्याशिवाय तिथे जायचं नाही, असं ते मानतात. तुझी मेथी नांगरली, तेव्हापासून ते एकदाही गेलेले नाहीत."

"दोन वर्षं?"

"रोज सकाळी म्हणतात, आज तिच्याशी बोलतो. मग तुझा चेहरा बघतात आणि गोठ्यात जाऊन बसतात."

देविकाला गहिवरून वगैरे काही आलं नाही. ती आणखीच भडकली. दोन वर्षं हा माणूस स्वतःला शिक्षा देत बसला, आणि जिच्यासाठी देत होता तिला पत्ताच नाही!

"पपा," ती म्हणाली. आवाज जरा चढलाच. "देवाला कळलं असेल. मला अजून कळलेलं नाही."

पुढची डोकी वळली. अर्न्स्ट बाकाला धरून उभे राहिले. मग ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसं ते मोठ्यानं, अख्ख्या चर्चला ऐकू जाईल असं बोलले.

"देविका, चुकलो मी. टॉमसनं सांगितलंय मला, तुम्ही हॅरोला चाललात. खुशाल जा. मी अडवत नाही. फक्त मला माफ करून जा."

वेदीपाशी पाद्रीबाईंनी विधी आटोपून प्याल्यावर कापड झाकलं होतं. ते त्यांनी पुन्हा काढलं आणि वाट बघत उभ्या राहिल्या.

देविकानं नाक पुसलं आणि सासऱ्यांचा दंड धरला.

"जायचं काय ते आपण सगळे बसून ठरवू," ती म्हणाली. "त्या बाई ताटकळल्यात. आधी तिथे चला."