मोकळ्या ओळी

पप्पांची जॅझमधली संथ प्रेमगीतं म्हातारपणी एकदाची रेकॉर्ड होत होती. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर पप्पांनी सॅक्सोफोन ओठांपासून काढला आणि नुसता पियानो वाजू दिला.

"काका, दम लागला का?" रेकॉर्डिस्टने विचारलं. "तेवढं परत वाजवा, जोडून टाकतो."

"नको." पप्पांनी काचेपलीकडच्या लेकीकडे बोट केलं. "त्या ओळी हिच्या आईच्या. लग्नाआधी हॉटेलात हे गाणं ती म्हणायची."

महिन्यापूर्वी वारलेली आई कधीकाळी गायची, हे लेकीला आजच कळत होतं. "मग सोडलं कशाला तिने?"

"मी सोडायला लावलं," पप्पा खाली बघत म्हणाले. "टाळ्या तिलाच जास्त पडायच्या."

रेकॉर्डिस्ट चुळबुळला. "ताई, जागा रिकामी वाटते हो. व्हायोलिन टाकू का तिथे?"

"नको," ती म्हणाली. "रिकामीच ऐकू द्या लोकांना."