बाप-लेकाची गाडी

टॅम्झिनची कामाची डांगरी रूफसने अंगात चढवली होती. पाय पोटऱ्यांपाशीच संपत होते आणि बाह्या कोपरांच्या जेमतेम खाली. आपल्या थोरल्या भावाचं हे ध्यान बघून तिची कानशिलं तापली.

"ती माझी आहे. काढ."

"अगं, तासाभराचा तर प्रश्न आहे," डेनिस म्हणाला. बापाचा आवाज असा लोण्यासारखा झाला की समजायचं, काहीतरी गळी उतरवायचं चाललंय. "गिऱ्हाईक येतंय. जाहिरातीत म्हटलंय ना आपण, बाप-लेकाने मिळून उभी केलेली गाडी. लोकांना ऐकायला आवडतं. नुसती गाडी विकत नाही कुणी, टॅम. गोष्ट विकतात."

"लेकाने? ह्याने? पाना कुठल्या टोकाला धरतात हे तरी माहितीये का ह्याला?"

"दोन्ही टोकं सारखीच तर असतात," रूफस म्हणाला आणि स्वतःच हसला.

गॅरेजपुढच्या खडीवर ती एमजी गाडी उभी होती. चौसष्ट सालची, उघडी, दोघांपुरती, सायीच्या रंगाची. लडलो गावाच्या पलीकडच्या एका शेतातून आणली तेव्हा तिच्यात कोंबड्या बसायच्या आणि तळातून खालचं गवत दिसायचं. तो तळ टॅम्झिनने कापून काढला, नवा पत्रा बसवला. वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग अजून तिच्या मनगटावर होते. शाळेतून आली की दप्तर एकीकडे आणि ती गाडीखाली. डेनिस शेजारी बसून विजेरी धरायचा. रूफस तेव्हा लंडनमध्ये गाद्या विकत होता.

"लेकीने म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"पोरीने केलंय म्हटलं की लोक वाकून वाकून बघतात गं. प्रत्येक सांधा खरवडून बघतात. उगाच मनाला लावून घेऊ नकोस. जा, चहाचं बघ."

टॅम्झिन वळली. जाता जाता तिने गाडीत हात घालून खटका ओढला, बॉनेट उचललं, आत वाकली आणि पुन्हा दणकन मिटलं.

"काय करतेयस?"

"निरोप घेतेय."

मिस्टर हॅलवर्ड आले ते टोपी घालून आणि गाडी चालवायचे हातमोजे घरूनच चढवून. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, रंगावरून बोट फिरवलं, गुडघे कुरकुरवत खाली वाकले.

"तळसुद्धा घरीच केलात?"

"तळ तर सगळा ह्यानेच केला," डेनिसने रूफसच्या खांद्यावर हात ठेवला.

स्वयंपाकघराची खिडकी उघडीच होती. किटली शिट्टी मारायला लागली. टॅम्झिनने ती मारू दिली.

हॅलवर्डनी खिडकीकडे बघून टोपीला हात लावला. "भाऊ हिरा आहे हं तुझा! तूही हात लावला असशील की? पुसायला-बिसायला?"

"मी चहा करते," टॅम्झिन म्हणाली.

हॅलवर्ड गाडीत बसले, पाय लांबवले, चावी फिरवली. इंजिन घरघरलं. घरघरत राहिलं. पेट काही घेईना. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

"गारठली असेल," डेनिस म्हणाला.

"मे महिना आहे, साहेब."

"रूफस, बघ जरा."

रूफसने बॉनेट उचललं आणि दुसऱ्याच्या तान्ह्या बाळाकडे बघावं तसं इंजिनाकडे कौतुकाने बघत उभा राहिला. हॅलवर्ड गाडीतून उतरून वाट बघत होते. शेवटी डेनिसने त्याला कोपराने बाजूला सारलं आणि ठिणगी वाटणाऱ्या डब्याची टोपी काढली. आत बघितलं. टोपी हातात धरून तो तसाच थांबला.

"टॅम," तो हळूच म्हणाला.

टॅम्झिन मागेच उभी होती, ट्रे घेऊन. एक कप हॅलवर्डना, बशीत बिस्कीट. एक रूफसला, बशीत बिस्कीट. तिसरा तिने बापाच्या हातात दिला. त्याच्या बशीत बिस्किटाच्या जागी अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा होता, वर पितळेची पट्टी असलेला.

"रोटर!" हॅलवर्ड पुढे वाकले. "ह्याच्याशिवाय कशी चालू होणार ती? तुमच्या बशीत कुठून आला हा?"

"डॅडचीच शिकवण आहे," टॅम्झिन म्हणाली. "अगदी पहिल्या दिवसाची. गाडी सोडून आत जायचं असलं की रोटर काढायचा आणि खिशात टाकायचा. म्हणजे चोराला ती नेता येत नाही." तिने बापाकडे बघितलं. "चोर घरातलाच असला तर काय करायचं, तेवढं शिकवायचं राहिलं."

डेनिसने हॅलवर्डकडे बघितलं. हॅलवर्डनी कप टॅम्झिनच्या ट्रेमध्ये ठेवला आणि एक एक बोट सोडवत हातमोजे काढले.

रूफसला आपला कप कुठे ठेवावा ते कळेना. त्याने तो मडगार्डवर टेकवला.

"रंगावर नको!" बाप आणि लेक एकदमच ओरडले.

रूफसने कप उचलला, खाली जमिनीवर ठेवला आणि मान वर न करता डांगरीची बटणं सोडायला लागला.