आरंभीची इच्छा

“माझं नाव घालू नकोस गं, पण मी बोलले त्यातलं काही गाळूही नकोस.” हृदयाच्या टूडी एकोसाठी पडल्या पडल्या मावशींनी सोबत आलेल्या वृंदाचा हात ओढून आपल्या तुळशीच्या माळेवर ठेवला होता. सत्तरी ओलांडलेल्या त्या विधवा बाई मनातल्या माणसाविषयी बोलू लागल्या, तसं पडद्यावर त्यांचं हृदय पोरीसारखं धावू लागलं. विश्वाच्या आरंभापासून माणसापर्यंत इच्छेचा माग घेणाऱ्या वृंदाच्या प्रबंधाचं ते शेवटचं प्रकरण होतं.

आज समितीने पुन्हा तेच काढायला सांगितलं. “विश्वाच्या आरंभी इच्छा होती, इथवर छानच जमलंय हो,” खगोलशास्त्राचे सर म्हणाले. “पण या वयाच्या बाईला कसली आलीय इच्छा? तेवढं गाळा आणि पदवी घेऊन जा.”

“विश्वाचं वय मावशींहून जास्त आहे, सर,” वृंदा हळूच म्हणाली. कुणी हसलंसुद्धा नाही.

जिन्यात येऊन तिने रागाने भरलेले डोळे पुसले. बोटांना अजून माळेचे मणी जाणवत होते. मग ती ग्रंथालयातल्या संगणकाकडे निघाली. शेवटचं प्रकरण उचलून तिला सगळ्यात आधी ठेवायचं होतं.